डोळा बरा झाला, हे ठरवलं कोणी?



यंदाच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री जेवायला बसलो होतो, तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या वहिनी पोराला घेऊन दारात आल्या. पोरगा एकोणीस वर्षांचा. आयटीआय अर्धवट सोडून एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलेला.

"भाऊजी, याच्या डोळ्याकडं बघा ना जरा. दुपारपासून चुरचुरतंय म्हणतो."

मी पोराला विचारलं, "काय करत होतास?"

"काही नाही काका, छन्नीवर हातोडा मारत होतो. टिचकन काहीतरी लागलं. वस्तादनं रुमालाच्या टोकानं काढायला बघितलं, पण काही नव्हतं. दिसतंय मला नीट."

मी ताट बाजूला सारलं आणि म्हणालो, आत्ताच नाशिकला जायचं. तोवर पोराचे वडील आले. त्यांना माझा उतावीळपणा पटला नाही. "भाऊ, एवढं काय झालंय? सकाळी मेडिकलमधून ड्रॉप आणतो. आणि कुठं कागद-बिगद करू नका. ठेकेदार उद्या आत घेणार नाही त्याला."

"दिसतंय नीट" आणि "कागद करू नका" ही दोन्ही वाक्यं दहा वर्षांपूर्वी मी स्वतः बोललो होतो. त्यापायी माझ्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. हा लेख मी त्या डोळ्याबद्दल लिहितोय, पण सहानुभूती मिळावी म्हणून नाही. सिन्नरच्या, नाशिकच्या, कुठल्याही औद्योगिक गावच्या वस्तीत असे डोळे आहेत. त्यांची मोजदाद कुणी करत नाही, कारण वरून बघितलं तर ते चांगले दिसतात.

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी चोवीस वर्षांचा होतो. बी.ए. झालेलो, नोकरी नाही. सिन्नरला कारखाने कमी नाहीत. मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आहे, माळेगावची एमआयडीसी आहे. पण आमच्या वस्तीतल्या पोरांचा गेटच्या आत जायचा रस्ता ठेकेदाराच्या डायरीतून जातो. मला पॅकिंगचं काम मिळालं. एके दिवशी खोक्याला ताणून बांधलेली पोलादी पट्टी कापताना ती उसळली आणि तिचं बक्कल माझ्या उजव्या डोळ्यावर आदळलं. डोळे झाकणारे गॉगल स्टोअरमध्ये होते, पण ते कंपनीच्या कायम कामगारांच्या नावावर. ठेकेदाराच्या माणसांना मागायची सोय नव्हती.

एका डॉक्टरांनी तपासलं. बुबुळासमोर रक्त साचलं होतं. त्यांनी थेंब दिले, डोकं उंच ठेवून पडून राहायला सांगितलं. आठ दिवसांत रक्त ओसरलं, दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, डोळा बरा आहे. ठेकेदारानं औषधाचे दीड हजार रुपये हातावर ठेवले आणि विषय संपवला. मस्टरवर माझे ते दिवस गैरहजेरीचे लागले. म्हणजे कागदोपत्री मला अपघात झालाच नाही. मीही गप्प बसलो. काम टिकलं, एवढं मला पुरे होतं.

पण एक गोष्ट राहून गेली. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदा कडेपर्यंत कुणी बघितला नाही, आणि पुन्हा कधी यायचं हेही कुणी सांगितलं नाही.

आत काय झालं होतं, हे मला फार उशिरा समजलं. ते इथं सोप्या भाषेत सांगतो, कारण प्रत्येक कार्यकर्त्याला हे माहीत असायला हवं. डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो आणि मागच्या बाजूला आतून पातळ पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. पुढून जोराचा मार बसला की डोळा क्षणभर चपटा होतो आणि मधल्या घेरात फुगतो. जेली पडद्याच्या कडेजवळ घट्ट चिकटलेली असते. ती कडेला हिसका देते आणि पडद्याची कड फाटते. फाटलेली जागा अगदी टोकाची असल्यामुळे नजरेत फरक पडत नाही. तरुण माणसाची जेली घट्ट असते, म्हणून पडदा एकदम सुटत नाही. त्या फटीतून पाणी हळूहळू मागं झिरपत राहतं, आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. हे सगळं होताना दुखत नाही. पडद्याला वेदना कळतच नाही.

मला पहिल्या वर्षी डोळ्यापुढं चिलटं उडाल्यासारखे काळे ठिपके दिसायचे. अंधारात नजर फिरवली की कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. आईला वाटलं अशक्तपणा आहे. मलाही तेच वाटलं. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एका सभेत बसलो असताना सहज डावा डोळा चोळला, तेव्हा लक्षात आलं की उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं वरून सावली उतरलीय. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून घेतला. त्यात दोन महिने गेले. मग समोरच्या माणसाचा चेहरा वाकडा दिसायला लागला, दाराची चौकट वेडीवाकडी दिसायला लागली. तेव्हा कुठं पडद्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचलो.

त्यांनी डोळ्यात थेंब घालून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "डोळ्याला कधी मार लागला होता का?"

जवळजवळ अडीच वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला होता.

तोपर्यंत पडद्यावर जाळं धरून तो आक्रसला होता. मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. जेली काढली, पडदा बसवला, तो जागेवर राहावा म्हणून सिलिकॉनचं तेल भरलं. काही महिन्यांनी तेल काढायला पुन्हा टेबलावर जावं लागलं. आज त्या डोळ्यानं मला एक मीटरवरची बोटं मोजता येतात, त्यापलीकडं धूर. एका डोळ्यानं जग सपाट होतं. कपात चहा ओतताना बाहेर सांडतो, जिन्याची शेवटची पायरी पाय चाचपून उतरावी लागते. कड फाटलेली सुरुवातीलाच दिसली असती तर लेसरनं किंवा गोठवून ती चिकटवता आली असती, आणि पडदा थोडा सुटल्यावरही बाहेरून पट्टा बसवून बहुतेक डोळे वाचतात, हे मला त्याच डॉक्टरांनी सांगितलं. मार लागला त्या दिवशी डोळा जाणं ठरलेलं नव्हतं. नंतरच्या अडीच वर्षांत तो गेला.

आता कायद्याकडे या. वकिलाकडं गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता अपघाताच्या तारखेचा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १० प्रमाणे दावा अपघातापासून दोन वर्षांत करावा लागायचा. माझे दोन वर्षं तीन महिने झाल्यावर तर सावली दिसली!

हा माझ्या एकट्याच्या नशिबाचा भाग नाही. अमेरिकेतल्या कॉक्स, शेपेन्स आणि फ्रीमन या डॉक्टरांनी १९६६ साली डोळ्याला मुका मार लागल्यावर पडदा सुटलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांच्या रुग्णांपैकी लगेच निदान झालेले फक्त १२ टक्के होते. महिन्याभरात ३० टक्के, आठ महिन्यांत ५० टक्के आणि दोन वर्षांत ८० टक्के. उरलेल्या २० टक्क्यांचं काय? म्हणजे पाचातला एक पडदा दोन वर्षांनंतर ओळखला गेला. आमच्या कायद्याचं दार तोवर लागलेलं असतं. हात तुटला तर तारखेचा प्रश्न येत नाही. डोळ्याच्या आतली जखम मात्र आपल्या गतीनं वाढते आणि कायदा तिला मनगटावरच्या घड्याळानं मोजतो. मुदत अपघातापासून नव्हे, तर नुकसान कळल्यापासून मोजली पाहिजे, ही मागणी कामगार संघटनांनी का लावून धरू नये?

त्याच कलमात एक खिडकी होती. उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त दावा दाखल करून घेऊ शकत होते. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी अपघात झाला होता हे मी कशाच्या आधारे दाखवणार होतो? मस्टरवर मी गैरहजर होतो.

आता किंमत बघा. त्या कायद्याच्या परिशिष्टात डोळ्याचे भाव लिहिलेले होते. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळाच गेला तर कमाईची क्षमता ४० टक्के घटली असं धरत होते. डोळा जागेवर आहे पण दृष्टी गेली, तर ३० टक्के. दृष्टी अर्धवट गेली, तर १० टक्के. दिव्यांग प्रमाणपत्रातही एका डोळ्याचं अंधत्व ३० टक्केच भरतं, आणि आरक्षणासारख्या सवलतींसाठी ४० टक्के लागतात. थोडक्यात, ज्या कामाला दोन डोळे लागतात त्या कामावर मला कुणी घेत नाही, आणि दिव्यांग म्हणून सरकार मला पुरेसा आंधळा मानत नाही.

काही जण म्हणतील, तुमची पोरंच गॉगल घालत नाहीत, मग दोष कुणाचा? हा आक्षेप मी टाळणार नाही. पोरं गॉगल कपाळावर चढवतात, हे मी रोज बघतो. पण तो गॉगल कसा असतो तेही बघा. ओरखडे पडलेला, घामानं धुरकटणारा, तिघांत मिळून एक. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३५ खास डोळ्यांसाठीच होतं. कण उडण्याचा धोका असेल तिथं योग्य पडदा किंवा गॉगल पुरवायची जबाबदारी सरकार मालकावर टाकू शकतं, असं ते सांगायचं. भरपाईच्या कायद्यातही, कामगारानं सुरक्षेचं साधन मुद्दाम वापरलं नाही ही सबब मालकाला तेव्हाच घेता यायची, जेव्हा ते साधन खरोखर पुरवलेलं असायचं. कुलपातला गॉगल म्हणजे पुरवलेला गॉगल नव्हे.

दुसरी सबब असते, "हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे." ही सरळ फसवणूक आहे. १९२३ च्या कायद्याचं कलम १२ मूळ मालकाकडं बोट दाखवायचं. ईएसआय कायद्यातही वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मूळ मालकाचीच होती. आणि ईएसआय लागू असेल तर कामावरच्या अपघाताला आधी किती महिने वर्गणी भरली हे बघितलं जात नाही. पहिल्या दिवशी इजा झाली तरी हक्क लागू होतो. हे किती पोरांना माहीत आहे?

कामगार विम्याचा आराखडा बी. पी. अदारकरांनी १९४४ मध्ये सरकारला दिला, तेव्हा श्रमखातं बाबासाहेबांकडं होतं. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्तीही त्यांच्याच कारकिर्दीतली. बाबासाहेबांनी कामगाराकडं हात पसरणारा म्हणून बघितलं नाही, हक्कदार म्हणून बघितलं. आपण मात्र ठेकेदारानं दिलेले दीड हजार रुपये उपकार समजून घेतो आणि हक्काचा कागद स्वतःच्या हातानं फाडतो.

आणि आता जरा आपल्याच चळवळीकडं बघू. दर १४ एप्रिलला आपण नेत्रतपासणी शिबिर घेतो. माझ्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. तिचा मोतीबिंदू अशाच एका शिबिरात सापडला आणि फुकट शस्त्रक्रिया झाली. या शिबिरांचं मोल मी कमी लेखत नाही. पण तिथं आपण चष्म्याचा नंबर बघतो, मोतीबिंदू बघतो. मीसुद्धा २०१० च्या शिबिरात टेबल लावायला, रांग धरायला होतो. स्वतःचा नंबरही काढून घेतला. डोळ्यात फाटलेला पडदा घेऊन मी आपल्याच शिबिरातून "नजर चांगली" असा शेरा घेऊन बाहेर पडलो. हातोडा मारणाऱ्या, ग्राइंडर चालवणाऱ्या, बाभळीच्या काट्याकुट्यात काम करणाऱ्या माणसाला आपण तो एक प्रश्न विचारला का? "डोळ्याला कधी मार लागला होता का?" येत्या १४ एप्रिलला प्रत्येक शिबिराच्या नोंदणीच्या टेबलावर हा प्रश्न विचारा. हो म्हणेल त्याची वेगळी यादी करा आणि त्यांचा पडदा बाहुली मोठी करून तपासून घ्या. याला खर्च फार नाही, लक्ष लागतं.

मार लागल्यावर काय करायचं तेही लिहून ठेवा. डोळा चोळू नका, दाबू नका. काडीनं, रुमालानं, जिभेनं कण काढणाऱ्या वस्तादाकडं किंवा बाईकडं जाऊ नका. मध, दूध, मेडिकलवाल्यानं स्वतःच्या मनानं दिलेले थेंब, काही घालू नका. डोळ्याला भोक पडल्याची शंका असेल तर कागदी कपाचा बूड कापून तो न टेकवता वर झाकण म्हणून चिकटवा आणि डॉक्टर गाठा. धातूवर धातू आपटताना लागलं असेल तर ते वाक्य डॉक्टरांना मुद्दाम सांगा, म्हणजे ते आत कण आहे का हे एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून बघतील. अशा वेळी एमआरआय करायचा नसतो, कारण चुंबकानं लोखंडाचा कण आत हलू शकतो. लोखंड आत राहिलं तर त्याचा गंज पडद्याला विषासारखा मारतो. आणि त्यानंतर कधीही काळे ठिपके वाढले, वीज चमकली किंवा सावली आली, तर चष्म्याचं दुकान नको, पडद्याचा डॉक्टर. मधला भाग सुटायच्या आत पोहोचलं तर नजर वाचते. तिथं दिवसाचाही फरक पडतो.

आरपार जखम कधी कधी दुसऱ्या, चांगल्या डोळ्यालाही नेते. अंधांची लिपी देणारा लुई ब्रेल जन्मांध नव्हता. १८१२ साली, तीन वर्षांचा असताना, फ्रान्समधल्या कुव्हरे गावात चामड्याचं काम करणाऱ्या बापाच्या कारखान्यात खेळताना आरी त्याच्या एका डोळ्यात घुसली. पुढं दुसराही डोळा गेला. आरी आणि चामडं आपल्या किती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळलं! त्या घरांतले किती डोळे गेले, ते कुठल्या पुस्तकात नाही.

तर, त्या रात्रीचं सांगतो. पोराच्या वडिलांनी मला सरळ विचारलं, "याची नोकरी गेली तर तुम्ही देणार का दुसरी?"

मी म्हणालो, "नाही देऊ शकत. पण डोळाही मी देऊ शकणार नाही."

शेवटी वहिनींनीच निर्णय घेतला. पायात चपला घालत त्या म्हणाल्या, "चला." नाशिक सुमारे तीस किलोमीटर. स्कॅनमध्ये दिसलं की बुबुळाच्या कडेनं शिरलेला लोखंडाचा बारीक कण जेलीत होता आणि पडद्याला एका ठिकाणी ओरखडा काढून गेला होता. बाहेरची जखम इतकी लहान की ती आपोआप मिटली होती. म्हणून तर पोरगा म्हणत होता, दिसतंय नीट. दुसऱ्या दिवशी कण काढला, ओरखड्याभोवती लेसर केलं. एमएलसीचा कागद झाला, त्यावर "कामावर असताना, छन्नीवर हातोडा मारताना" हे शब्द मी लिहायला लावले.

आज पोराला त्या डोळ्यानं वाचता येतं. ठेकेदारानं त्याला परत घेतलं नाही. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. त्या घरात तीन महिने एकच पगार येत होता. भरपाईचा दावा दाखल आहे, निकाल लागायचा आहे. तो लागेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वहिनींनी डॉक्टरकडं जायच्या तारखांना लाल गोल केलेत. शेवटची तारीख पुढच्या वर्षीच्या जूनमधली होती, म्हणून त्यांनी ती कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर खाली लिहून ठेवली होती. मला म्हणाल्या, "भाऊजी, डोळा बरा झालाय म्हणतात सगळे. पण मी नाही म्हणत अजून."

बरोबर आहे त्यांचं. डोळा बरा झाला हे ठेकेदार ठरवणार नाही, मस्टर ठरवणार नाही, आरशात बघून आपणही ठरवायचं नाही. आतून बघितल्याशिवाय ते ठरत नाही.

जय भीम!

सिन्नर, डिसेंबर २०१९